जोर आणि अंतर : प्राथमिक वर्गांतील साध्या यंत्रांच्या शिक्षणाचा आढावा

तरफ, कप्पी, उतरण, पाचर, स्क्रू आणि चाक-आस या सहा साधनांना मिळून साधी यंत्रे म्हणतात, आणि शालेय विज्ञानात या सहा नावांचे स्थान इतके पक्के झाले आहे की ती मुलांना कोणत्या वयात, कोणत्या क्रमाने आणि मुळात कशासाठी सांगायची, हा प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. साध्या यंत्राची रूढ व्याख्या अशी : लावलेल्या बलाचे परिमाण, त्याची दिशा किंवा ते ज्या अंतरातून लावले जाते ते अंतर, यांपैकी काहीतरी बदलून देणारे, एका किंवा मोजक्या भागांचे साधन. व्याख्या निर्दोष आहे. मात्र दुसरी-तिसरीतल्या मुलाच्या दृष्टीने तिच्यातला जवळजवळ प्रत्येक शब्द परका आहे, आणि म्हणून वर्गात व्याख्या बाजूला पडून नावे व चित्रे तेवढी उरतात. प्रस्तुत आढाव्यात या विषयाचा इतिहास, अभ्यासक्रमांतील त्याची जागा, मुलांच्या विचारप्रक्रियेविषयी झालेले संशोधन आणि अध्यापनसाहित्यात वारंवार आढळणारे दोष यांचा परामर्श घेतला आहे, आणि त्यातून निघणारे मत आधीच नोंदवणे बरे : लहान मुलांच्या बाबतीत सहा नावांना फारसे महत्त्व नाही, जोर वाचला की अंतर वाढते आणि अंतर वाचले की जोर वाढतो, हा एकच व्यवहार त्यांच्या हातांना कळला तर या विषयाचे प्राथमिक शाळेतले प्रयोजन पुरे होते.

सहा हा आकडा निसर्गाने ठरवून दिलेला नाही, हे इतिहास पाहिला की लगेच ध्यानात येते. तरफेच्या समतोलाचा नियम इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने भूमितीच्या रीतीने सिद्ध केला. पुढे पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने यंत्रशास्त्रावरील आपल्या ग्रंथात जड वस्तू हलवणारी पाच साधने सांगितली : आसासह फिरणारे चाक, तरफ, कप्पी, पाचर आणि स्क्रू. हा ग्रंथ आज उपलब्ध आहे तो मुख्यतः कुस्ता इब्न लुका याने नवव्या शतकात केलेल्या अरबी भाषांतरामुळे. या यादीत उतरण नव्हती. ती युरोपात प्रबोधनकाळी आली. १५८६ साली सायमन स्टेविन या फ्लेमिश अभियंत्याने दोन असमान उतारांच्या त्रिकोणी ठोकळ्यावरून सारख्या अंतरावर ओवलेल्या सारख्या गोळ्यांची माळ सोडल्याची कल्पना केली, ती माळ आपोआप फिरत राहणे अशक्य आहे असे दाखवले, आणि त्यावरून लांब उतारावरचे जास्त गोळे आखूड उतारावरच्या थोड्या गोळ्यांना तोलून धरतात, म्हणजे उतार जितका लांबट तितके बल कमी पुरते, असा निष्कर्ष काढला. आणखी काही वर्षांनी, १६०० च्या सुमारास, गॅलिलिओने यंत्रांविषयीच्या आपल्या विवेचनात मूळ मुद्द्यावर बोट ठेवले : यंत्र निसर्गाला फसवत नाही, बलात जे मिळते ते अंतरात किंवा वेळात चुकते करावे लागते. एकोणिसाव्या शतकात जर्मन अभियंता फ्रान्झ रॉयलो याने तर यंत्राचे खरे घटक म्हणजे एकमेकांत बसून विशिष्ट रीतीनेच हलू शकणाऱ्या भागांच्या जोड्या होत, अशी नवी मांडणी केली आणि अभियांत्रिकीतील जुन्या यादीचे महत्त्व ओसरले. ती टिकून राहिली शाळेत.

शिवाय सहाही साधने एकमेकांपासून स्वतंत्र नाहीत. पाचर ही पुढे सरकणारी उतरण होय आणि स्क्रू ही दांड्याभोवती गुंडाळलेली उतरण होय. त्याचप्रमाणे चाक-आस आणि कप्पी यांच्याकडे अखंड फिरत राहणाऱ्या तरफा म्हणून पाहता येते. म्हणजे घराणी दोनच, उतरणीचे आणि तरफेचे. कागदाचा काटकोन त्रिकोण कापून, त्याची तिरपी कड रंगवून तो पेन्सिलीभोवती गुंडाळला की स्क्रूचे आटे दिसू लागतात; हा प्रयोग तिसरीच्या मुलांना सहज जमतो आणि पुस्तकातल्या दोन वेगळ्या चौकटींमधील भिंत पाडून टाकतो. असे असूनही बहुतेक अध्यापनसाहित्य सहा नावे, सहा चित्रे आणि सहा जोड्या जुळवा या पठडीतून बाहेर पडत नाही.

अभ्यासक्रमांकडे वळल्यास निरनिराळ्या देशांनी या विषयाला दिलेली जागा एकसारखी नाही असे दिसते. महाराष्ट्रात ‘साधी यंत्रे’ हे स्वतंत्र प्रकरण बालभारतीच्या २०१६ च्या सहावीच्या सामान्य विज्ञानाच्या पुस्तकात आले. त्याच्या आधी त्याच पुस्तकात गती, बल आणि कार्य व ऊर्जा यांची प्रकरणे होती, आणि ही रचना तर्कसंगतच होती. त्याखालच्या इयत्तांत विज्ञान हा वेगळा विषय नसून तो परिसर अभ्यासात अंतर्भूत असतो. इंग्लंडच्या २०१३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात नऊ-दहा वर्षांच्या मुलांकडून अपेक्षा आहे ती एवढीच की तरफा, कप्प्या आणि दातेरी चाके यांच्यामुळे लहान बलाचा मोठा परिणाम साधता येतो हे त्यांनी ओळखावे. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘नेक्स्ट जनरेशन सायन्स स्टँडर्ड्स’मध्ये साध्या यंत्रांचा पूर्वीसारखा स्वतंत्र मथळाच उरला नाही, बालवर्गात ढकलणे आणि ओढणे, तिसरीत समतोल व असमतोल बले आणि सर्व इयत्तांत एखादी अडचण सोडवण्यासाठी वस्तू रचून पाहणे, अशी विभागणी त्यात केली आहे. यादी गाळण्याचा हा निर्णय धाडसी वाटला तरी त्यामागचे कारण पटण्यासारखे आहे, कारण यादी पाठ असणे म्हणजे बल समजणे नव्हे. भारतात २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा ठरवून त्यात खेळ आणि कृती यांना प्राधान्य दिले. त्यामुळे साध्या यंत्रांची ओळख पुस्तकातल्या प्रकरणाच्या कितीतरी आधी, नाव न घेता, करून देण्यास मुभा मिळाली आहे.

ही ओळख कोणत्या वयात काय रूप घेऊ शकते, याविषयी मानसशास्त्रातील संशोधन पुष्कळ आहे आणि सुदैवाने त्यातील मोठा भाग नेमका तरफेवरच झालेला आहे. बेर्बेल इनहेल्डर आणि झाँ पियाजे यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात तराजूच्या दांडीवर वजने लावण्याचा प्रयोग वर्णिला आहे. मधल्या टेकूपासून दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या अंतरांवर वजने टांगायची आणि दांडी कोणीकडे झुकेल ते विचारायचे, असे त्याचे स्वरूप. वजन आणि अंतर यांचे प्रमाण एकत्र हिशेबात घेणे मुलांना किशोरवयाच्या सुमारास जमू लागते, त्याआधी ती दोहोंचा विचार आळीपाळीने करतात, असे त्यांचे निरीक्षण होते. १९७६ साली रॉबर्ट सीगलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हाच प्रयोग अधिक काटेकोरपणे करून मुलांच्या उत्तरांमागे चार पायऱ्यांचे नियम असल्याचे दाखवले. पहिल्या पायरीवर मूल फक्त वजन पाहते. दुसऱ्या पायरीवर वजने सारखी असली तरच ते अंतराकडे वळते. तिसऱ्यावर दोन्ही पाहते पण एका बाजूला वजन जास्त आणि दुसऱ्या बाजूला अंतर जास्त असे झाले की गोंधळते. चौथ्या पायरीवर वजन आणि अंतर यांचा गुणाकार करते. पाच वर्षांची मुले बहुधा पहिल्या पायरीवर असतात.

सीगलरच्या संशोधनातील शिक्षकांच्या खऱ्या उपयोगाचा भाग मात्र याच्या पुढे आहे. पाच आणि आठ वर्षांच्या, सारख्याच पायरीवर असलेल्या मुलांना त्याने कठीण उदाहरणे प्रत्यक्ष करून दाखवली, तेव्हा आठ वर्षांच्या मुलांनी त्यांतून शिकून घेतले, पण पाच वर्षांच्यांवर परिणाम झाला नाही. लहान मुलांना वजन कोणत्या खुंटीवर टांगले होते ते आठवतच नव्हते, कारण अंतर ही लक्ष देण्याजोगी गोष्ट आहे हेच त्यांच्या नजरेला माहीत नव्हते. त्यांना आधी खुंट्या मोजून अंतर टिपण्याची सवय लावली, आणि मग तीच कठीण उदाहरणे त्यांनाही लाभदायक ठरू लागली. यातून निघणारा धडा साधा आहे. पहिली-दुसरीच्या वर्गात तरफेचा नियम सांगण्याची घाई करण्यापेक्षा, वस्तू कोठे ठेवली आहे हे पाहायला, बोटांनी, वितींनी किंवा चौकटीच्या कागदाने मोजायला आणि चित्रात नोंदवायला शिकवणे हीच तरफेच्या शिक्षणाची सुरुवात होय.

याच्या जोडीला ॲनेट कार्मिलोफ-स्मिथ आणि इनहेल्डर यांचे १९७४-७५ चे निरीक्षण ठेवले पाहिजे, कारण ते शिक्षकाला संयम शिकवते. त्यांनी मुलांना निरनिराळे ठोकळे एका अरुंद पट्टीवर तोलून ठेवायला दिले; त्यांतील काही ठोकळ्यांच्या एका टोकात न दिसणारे वजन दडवलेले होते. चार-पाच वर्षांच्या मुलांनी ठोकळा इकडेतिकडे सरकवत, हाताला लागेल त्या अंदाजाने, तो तोलला. सहा-सात वर्षांची मुले मात्र अडली : प्रत्येक वस्तू मध्यावरच तोलली जाते असा सिद्धांत त्यांनी मनाशी बांधलेला असल्यामुळे ती ठोकळा पुन्हा पुन्हा मध्यावर ठेवत आणि तो पडला की हा तोलताच येत नाही म्हणून बाजूला सारत. आठ-नऊ वर्षांची मुले पुन्हा यशस्वी झाली, आणि या वेळी ती कारणासह यशस्वी झाली. म्हणजे दुसरीतले मूल बालवाडीतल्या मुलापेक्षा चुकीचे उत्तर देते तेव्हा ते मागे गेलेले नसते. त्याने पहिल्यांदाच एक नियम बनवलेला असतो आणि त्या नियमाला अपवाद पचवण्याइतका वेळ त्याला हवा असतो. लाल शाईची फुली या वयात जितके नुकसान करते तितके क्वचितच दुसरे काही करत असेल. दातेरी चाकांविषयी रिचर्ड लेहरर आणि लिओना शॉबल यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही दुसरी आणि पाचवीच्या मुलांशी अंडी फेटायचे यंत्र आणि सायकल समोर ठेवून संवाद केलेला आहे. वस्तू समोर असली, तिला हात लावता आला, की मुले कारणांविषयी बोलू लागतात, याचे तो उत्तम उदाहरण आहे.

मराठी वर्गात या सर्वांवर आणखी एक अडचण स्वार होते आणि ती शब्दांची आहे. शास्त्रीय परिभाषेत बलाने वस्तू बलाच्या दिशेने जितकी सरकते त्यावर कार्य ठरते. पण बोलीत काम म्हणजे दमवणारी कोणतीही गोष्ट. पाण्याने भरलेली कळशी कडेवर घेऊन जागेवर उभ्या राहिलेल्या मुलीने काहीच कार्य केले नाही, असे विज्ञान म्हणते, आणि ते तिला पटवणे सहावीतही अवघड जाते. यंत्रामुळे श्रम कमी होतात हे वाक्य पाठ्यपुस्तकांत आणि प्रश्नोत्तरांत सर्रास आढळते. त्यातील श्रम या शब्दाचा अर्थ बल, कार्य, थकवा किंवा वेळ यांपैकी काहीही होऊ शकतो, आणि कार्य असा अर्थ घेतला तर वाक्य सरळ चुकीचे ठरते, कारण घर्षणामुळे यंत्र वापरताना आपल्याला करावे लागणारे कार्य उलट थोडे वाढतेच. प्राथमिक वर्गांत जोर आणि अंतर हे दोनच शब्द वापरावेत, बल, कार्य आणि ऊर्जा हे शब्द त्यांच्या इयत्तेपर्यंत थांबू द्यावेत, असे म्हणण्यामागे हेच कारण आहे. जोर हा शब्द मुलांचा स्वतःचा आहे. जोर किती लागला हे सांगण्यासाठी ताणकाटा, म्हणजे स्प्रिंगच्या ताणावरून बल मोजणारे साधन, असलाच पाहिजे असेही नाही. एक रबरबँड वस्तूला अडकवून ओढला आणि त्याची वाढलेली लांबी पट्टीने मोजली तरी दुसरीच्या वर्गाला पुरेसे मोजमाप हाती येते.

अध्यापनसाहित्यातील चुकांचा विचार केल्यास चार ठिकाणे विशेष ठळक दिसतात. पहिले ठिकाण चाकाचे. साधे यंत्र म्हणून ज्याला चाक-आस म्हणतात त्यात चाक आणि आस एकमेकांना जखडलेले असून एकत्र फिरतात. विहिरीवरचा रहाट, दाराची गोल मूठ, मोटारीचे सुकाणूचाक ही त्याची उदाहरणे होत, आणि मोठ्या परिघावर लावलेला लहान जोर लहान परिघावर मोठा होतो तो येथे. बैलगाडीचे चाक स्थिर आखाभोवती मोकळे फिरते. ते घर्षण कमी करते, जोर वाढवत नाही. दोन्ही गोष्टी उपयोगी आहेत, पण त्या एक नाहीत, आणि तरीही मुलांसाठीच्या तक्त्यांत चाक-आस या नावाखाली गाडीचेच चित्र असते. दुसरे ठिकाण तिसऱ्या वर्गाच्या तरफेचे. टेकू, म्हणजे तरफ ज्या बिंदूभोवती फिरते तो आधार, एका टोकाला आणि जोर मध्ये असेल तर जोर भारापेक्षा जास्तच लावावा लागतो. चिमटा आणि लांब दांड्याचा झाडू अशा तरफा आहेत आणि त्यांचा फायदा असा की हात थोडा हलला तरी दुसरे टोक बरेच हलते. सर्व यंत्रे जोर वाचवतात असे शिकलेल्या मुलापुढे ही उदाहरणे ठेवली की त्याचा गोंधळ होतो, आणि जोर-अंतराचा व्यवहार शिकलेल्या मुलाला मात्र ती लगेच उमगतात. तिसरे ठिकाण एकेरी स्थिर कप्पीचे. तिच्यामुळे जोर कमी होत नाही, फक्त दिशा बदलते. सोपे वाटते ते खाली ओढताना स्वतःच्या शरीराचे वजन कामी येते म्हणून. भारासोबत वर जाणारी सुटी कप्पी जोर निम्मा करते, पण त्या वेळी दोरी दुप्पट ओढावी लागते, आणि ही दुप्पट दोरी जमिनीवर अंथरून मोजून दाखवली तर मुलांना दुसरे काही सांगण्याची गरज उरत नाही.

चौथे ठिकाण उतरणीचे, आणि त्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण तेथे पुस्तक आणि प्रयोग यांची उघड फारकत होते. फळी तिरपी टेकवायची, लाकडी ठोकळा दोरीने वर ओढायचा आणि सरळ उचलण्यापेक्षा जोर कमी लागला असे मुलांनी पाहावे, अशी कृती जागोजागी सुचवलेली असते. प्रत्यक्षात ठोकळा आणि फळी यांच्यातील घर्षण आड येते. घर्षणांक, म्हणजे पृष्ठभाग एकमेकांवर दाबले जातात त्या बलाच्या किती पट बल घर्षणासाठी खर्ची पडते तो आकडा, ०.५ धरला तर ३० अंशांच्या उतारावर ठोकळा ओढण्यास त्याच्या वजनाच्या सुमारे ९३ टक्के जोर लागतो, आणि ४५ अंशांच्या उतारावर तर तो १०६ टक्के, म्हणजे सरळ उचलण्यापेक्षा अधिक, लागतो. रबरबँड लावून मोजणाऱ्या मुलाला हे दिसते, ते शिक्षकाला सांगते, आणि पुस्तकात लिहिले आहे तेच उत्तर लिही असे त्याला सांगितले जाते. विज्ञानाच्या शिक्षणाची याहून मोठी हानी कल्पिता येणार नाही. उपाय अवघड नाही : ठोकळ्याच्या जागी सहज फिरणाऱ्या चाकांची खेळण्यातली गाडी घ्यावी, म्हणजे ३० अंशांवर जोर जवळपास निम्मा झालेला दिसतो, आणि त्यानंतर ठोकळाही ओढून दाखवावा, म्हणजे चाकाचे खरे काम काय तेही त्याच तासात कळते.

उदाहरणांच्या निवडीतही विचार हवा. महाराष्ट्रातील घरांत आणि शेतांत साध्या यंत्रांचा तोटा कधीच नव्हता. अडकित्त्याची फिरकी एका टोकाला आणि सुपारी तिच्या लगत असते, म्हणून मुठीचा थोडा जोर सुपारी फोडतो. सुपारी पात्यांच्या टोकाकडे सरकवली की तोच अडकित्ता हतबल होतो. जात्याचा खुंटा मध्यापासून दूर, कडेशी बसवलेला असतो त्यामागे चाक-आसाचेच तत्त्व आहे. विळीचे पाते, कुऱ्हाड आणि लाकूड फोडताना भेगेत ठोकतात ती पाचर एकाच कुळातली. खांद्यावरची कावड म्हणजे टेकू मध्ये असलेली तरफ, आणि एका बाजूचे ओझे जड झाले की कावडवाला खांदा त्या बाजूला सरकवतो, ही तरफेच्या नियमाची चालती-बोलती सिद्धता होय. या सर्वांत मोटेचे उदाहरण विशेष बोधप्रद आहे. विहिरीच्या काठावरच्या चाकावरून गेलेला नाडा बैल ओढतात आणि कातड्याची मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होते; येथे चाक फक्त दिशा बदलते, त्यामुळे कप्पी आहे म्हणजे जोर कमी झालाच पाहिजे ही समजूत टिकत नाही. मात्र ज्या वाटेने बैल चालतात ती धाव विहिरीपासून दूर जाताना उताराची असते, म्हणून भरलेली मोट ओढताना बैलांचे स्वतःचे वजन मदतीला येते आणि चढावर मागे यायचे ते मोट रिकामी झाल्यावर. ही रचना करणाऱ्यांनी उतरणीवरचा धडा वाचलेला नव्हता.

तथापि मोट, रहाट आणि जाते ही साधने आजच्या मुलांनी, ग्रामीण भागातल्याही, बहुधा पाहिलेली नसतात. विहिरीवर विजेचा पंप आणि घरात मिक्सर आल्यापासून ती संग्रहालयाची किंवा आजीच्या आठवणीची वस्तू झाली आहेत. ती शिकवायची तर इतिहास म्हणून शिकवावीत. ओळखीचे उदाहरण म्हणून मुलांच्या हातात आज आहेत ती साधने निराळी आहेत : कात्री, नेलकटर, बरणीचे फिरकीचे झाकण, सायकल, स्टेपलर, नळाची तोटी. वर्गाचे दार हे तर प्रत्येक शाळेत असलेले, एकही रुपया न लागणारे साधन आहे. एका मुलाने कडीजवळ एका बोटाने आणि दुसऱ्याने बिजागरीजवळ पंजाने, असे एकमेकांविरुद्ध दार ढकलले की एक बोट पंजाला हरवते. मुलींना स्वयंपाकघरातली आणि मुलांना सुतारकामातली उदाहरणे देण्याची जुनी वाटणी मात्र टाळलेली बरी. सोऱ्या आणि पाना दोन्ही सर्वांच्या हाती पडले पाहिजेत.

हाताने शिकण्याची परंपरा या प्रदेशाला नवी नाही. १९३७ साली वर्ध्याला मांडल्या गेलेल्या नयी तालीम या हस्तोद्योगातून शिक्षणाच्या योजनेत टकळी आणि चरखा शिक्षणाच्या केंद्रस्थानी होते, आणि मोठ्या चाकाच्या एका फेऱ्यात चाती कित्येक फेरे घेते हे चरख्यावर बसलेल्या मुलाला रोज दिसत असे. त्या अनुभवाला विज्ञानाची जोड शाळा किती देऊ शकल्या हा वेगळा प्रश्न. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी बालकांसाठी परिसरातल्याच वस्तूंची शैक्षणिक साधने घडवली. मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेला आणि २००२ साली शासनाने बंद केलेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम माध्यमिक पूर्व वर्गांसाठी होता, पण मुलांनी प्रयोग करून स्वतः निष्कर्ष काढावा हा त्याचा आग्रह देशभर पोहोचला. त्या कार्यक्रमाच्या सहवासात घडलेले अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि टाकाऊ वस्तू यांतून खेळणी बनवण्याची चळवळच उभी केली. पुण्यातील आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी दीर्घकाळ काम केले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने जयश्री रामदास यांच्या पुढाकाराने पहिली ते पाचवीसाठी ‘स्मॉल सायन्स’ ही पुस्तकमालिका तयार केली, आणि पाबळच्या विज्ञान आश्रमात श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ पासून थोड्या मोठ्या मुलांसाठी हत्यारे हातात देऊन शिकवण्याचा पाठ घालून दिला. या प्रयत्नांचा ठसा शिक्षकांच्या एका उत्साही वर्गावर निश्चित उमटला. परीक्षेच्या प्रश्नपत्रिकेवर तो फारच कमी उमटला.

प्रश्नपत्रिकेचा उल्लेख येथे उगाच केलेला नाही. तरफेचे प्रकार किती व कोणते, अडकित्ता कोणत्या वर्गाची तरफ, असे प्रश्न विचारले जातात तोवर शिक्षक तेच शिकवणार. त्याऐवजी पट्टीच्या मध्याखाली पेन्सिल ठेवून, एका बाजूला पेन्सिलीजवळ दोन नाणी ठेवली आणि दुसऱ्या बाजूसाठी एक नाणे दिले, तर पट्टी सरळ राहण्यासाठी एकटे नाणे कोठे ठेवशील, आधी खूण कर आणि मग करून पाहा, असा प्रश्न विचारता येतो. त्यात मुलाचा अंदाज, कृती आणि चूक झाल्यास तिची दुरुस्ती ही तिन्ही शिक्षकाला दिसतात. मूल सीगलरच्या कोणत्या पायरीवर आहे याचा अंदाजही याच प्रश्नातून येतो. वयोगटांपुरते बोलायचे तर पहिली-दुसरीत ढकलणे, ओढणे, तोलणे आणि अंतर टिपणे, तिसरी-चौथीत जोर आणि अंतर यांची देवघेव मोजून पाहणे, पाचवीत दोन घराण्यांची ओळख आणि नावे, एवढे पुरे आहे. गुणाकाराचा नियम, यांत्रिक लाभ (भार जोराच्या किती पट आहे तो आकडा) आणि तरफेचे तीन वर्ग सहावीच्या आधी आणण्यात काही हशील नाही.

या सर्वांसाठी प्रयोगशाळा लागत नाही, आणि एक मोठे साधन तर कायद्यानेच शाळेत आणून ठेवले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक शाळेच्या इमारतीत अडथळाविरहित प्रवेश आवश्यक ठरवल्यापासून पायऱ्यांशेजारी उतार बांधले गेले, आणि सुगम्यतेच्या भारतीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा उताराचे प्रमाण १ ला १२ असावे लागते. म्हणजे जोते ४५ सेंटिमीटर उंच असेल तर उतार ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब हवा. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटातील लोहमार्गाचा सर्वांत कडक चढ १ ला ३७ ठेवताना अभियंत्यांनी जो हिशेब केला तोच हा हिशेब आहे. तिसरी-चौथीच्या शिक्षकांनी मुलांच्या हाती मोजपट्टी देऊन आपल्या शाळेतील उताराची लांबी आणि जोत्याची उंची मोजून घ्यावी, आणि उतार आखूड भरला तर चाकाची खुर्ची त्यावर ढकलायला किती जोर जास्त लागतो ते मुलांकडूनच लिहवून घेऊन तो कागद शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवावा.